डबल बेल

"तंबूत झोपेन गं मी, पण सकाळी मला उठवायला क्रेन बोलवा," असं आईंनी जाहीर केलं आणि आमच्या कॅम्पिंगच्या बेताला पहिली खीळ बसली.

सासू-सासरे दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर कराडहून शारजाला आले होते. डिसेंबरची शाळेची सुट्टी होती, हवा अशी की घरात बसणं पाप वाटावं. मॉल, क्रीक, अब्रा, मिरॅकल गार्डन सगळं करून झालं होतं. मुलांना हजर पर्वतात तंबू ठोकून राहायचं होतं. पण आईंचे गुडघे, त्यांची मधुमेहाची इंजेक्शनं आणि मुख्य म्हणजे रात्रीचं बाथरूम. बायकांच्या प्रवासाचा अर्धा नकाशा बाथरूम कुठे आहे यावरच आखलेला असतो, हे मी शाळेत भूगोल शिकवताना कधी फळ्यावर लिहिलं नाही, पण ते खरं आहे.

म्हणून कॅराव्हॅन. इथे ती तीन प्रकारे मिळते, हे आधी माहीत नव्हतं. एक, जागेवरच कायमची उभी असलेली. हत्त्याला तशी सोय आहे. हॉटेलसारखं जायचं, राहायचं, यायचं. दुसरी, ओढून न्यायची. बरेच मालक ती स्वतःच्या गाडीने ओढत आणून तुम्ही सांगाल त्या जागी लावून देतात आणि परत घेऊन जातात. ज्यांना गाडी चालवण्याची धास्ती आहे त्यांनी हीच घ्यावी. तिसरी म्हणजे मोटरहोम. इंजिन, घर, संडास सगळं एकाच चेसिसवर. नवऱ्याने हट्टाने तिसरी घेतली. रात्रीचं भाडं हजार दिरहमच्या वर, शिवाय परत मिळणारी अनामत वेगळी. "एवढ्यात चांगलं हॉटेल आलं असतं," हे वाक्य मी बोलले नाही. आई बोलल्या.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. जाहिरातीत "सहा जण" लिहिलेलं असतं ते सहा जण झोपू शकतात म्हणून. पट्टे असलेल्या खुर्च्या किती, हे वेगळं विचारायचं. आम्ही पाहिलेल्या पहिल्या दोन गाड्यांत सहा जणांना झोपायची सोय होती आणि पट्टे चारच. सहा पट्ट्यांची गाडी मिळायला आठवडा गेला. आणि गाडी चालू असताना मागे उठायचं नाही. आईंची कल्पना अशी होती की धावत्या गाडीत त्या चहा टाकतील आणि आम्ही डोंगर बघत पिऊ. ते स्वप्न ताब्यात घेतानाच मोडलं.

आप्पा, म्हणजे सासरे, या सगळ्यात गप्प होते. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक कराड–चिपळूण, कुंभार्ली घाटातून. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावणं बंद केलंय. नवरा लहानपणापासून सांगत आलाय की त्याच्या आठवणीतल्या एकाही दिवाळीत आप्पा घरी नव्हते. दिवाळी म्हणजे एस.टी.च्या जादा गाड्या. साऱ्या महाराष्ट्राला घरी पोचवायचं तर कुणाचा तरी बाप बाहेर असणारच, हे समजायला माणसाला मोठं व्हावं लागतं. आणि मोठं झाल्यावरही ते पुरतं समजतंच असं नाही. बापलेकांत भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. फोनवर "बरं आहे ना", "हो", "आईला देतो" एवढंच.

गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या केरळी मुलाने अर्धा तास सगळं समजावलं. स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, संडासाची वेगळी कॅसेट, गॅस, आतली बॅटरी, वीज मिळेल तिथे लावायची केबल. नवरा मोबाइलवर त्याचं चित्रण करत होता. आप्पा गाडीभोवती फिरून टायर बघत होते. मागच्या डाव्या टायरला त्यांनी चपलेने ठोकलं आणि त्या मुलाला हिंदीत विचारलं, "हवा किती?" त्याने आकडा सांगितला. आप्पांनी मान हलवली. तेव्हा ती गाडी पास झाली असं मी समजले.

शारजाहून खोर फक्कानचा नवा रस्ता घेतला. २०१९ साली सुरू झालेला हा रस्ता ८९ किलोमीटरचा आहे आणि त्यात पाच बोगदे आहेत. पूर्वी डोंगराला वळसे घालून जावं लागे, आता डोंगर पोटातून ओलांडायचा. पहिल्या बोगद्यात शिरताना आप्पा म्हणाले, "ह्यात काय मजा? घाट कुठं हाय?" पण डोंगर उघडे पडले तशी त्यांची नजर खिडकीला चिकटली. हजर पर्वत आपल्या सह्याद्रीसारखा नाही. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, एखाद्या उतरंडीसारखे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. हजरमधला बराचसा खडक हा एकेकाळी समुद्राचा तळ होता. भूकवचाच्या हालचालीत तो तळच जमिनीवर चढून बसला. म्हणून तो असा तपकिरी, चुरगळलेला, झाडाचं नाव नसलेला दिसतो. लेकीला हे सांगत होते तर ती म्हणाली, "आई, तू शिकवतेयस." सहा वर्षांनी कुणीतरी मला तसं म्हणालं. मी गप्प बसले नाही. पुढचा सगळा तास घेतला.

अल रफीसा धरणापाशी थांबलो, बदकांना पाहिलं, मग खोर फक्कान. तिथून उत्तरेला बिदिया गावात चार छोट्या घुमटांची मशीद आहे. पंधराव्या शतकातली, या देशातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी. माती आणि दगड, मधोमध एकच खांब. बाहेरून बघितली तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या समाधीएवढी. आई तिच्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "इथं गारवा आहे." दुसऱ्या कुठल्याही वर्णनाची गरज नाही.

पहिली रात्र अल अकाच्या किनाऱ्यावर एका खासगी कॅम्पच्या आवारात काढली. तिथे विजेची जोडणी होती, त्यामुळे आमच्या चुका झाकल्या गेल्या. चुका म्हणजे अशा: दोन शेगड्यांच्या ओट्यावर मी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलला की शेजारच्या तंबूतली माणसं चपला घालून बाहेर आली. मराठी स्वयंपाक त्या यंत्राला मान्य नाही. मिरच्या, फोडणी, सुकट, सगळं बाहेरच्या शेगडीवर. (शेगडीही पायांची हवी. जमिनीवर थेट जाळ करायचा नाही, हे करारात लिहिलं होतं.) आणि सकाळी आप्पांनी नेहमीप्रमाणे अंघोळ केली. बादली नव्हती, म्हणून फवारा चालू ठेवून, साबण लावतानाही. आठ वाजता टाकी रिकामी. "एवढंच पाणी? आमच्या स्वारगेटच्या रेस्टरूमला बी याच्यापरीस जास्त यायचं," ते म्हणाले. पण ते ओशाळले, हे दिसलं. पुढे दोन दिवस त्यांनी फक्त हातपाय धुतले.

खोर फक्कानहून खाली फुजैराकडे येताना मदहाची पाटी लागते. मदहा हा ओमानचा तुकडा, चारी बाजूंनी अमिरातीने वेढलेला. आणि त्या तुकड्याच्या पोटात नहवा नावाचं गाव आहे ते पुन्हा शारजाचं. मध्ये कुठे चौकी नाही. लेकीला जाऊन यायचं होतं. पण आमच्या भाड्याच्या गाडीचा विमा ओमानला लागू नव्हता, तेव्हा पाटीचा फोटो काढून पुढे निघालो. याच कारणासाठी हत्त्यालाही जरा बघून जावं लागतं. दुबईहून हत्त्याला जाणारा जुना सरळ रस्ता काही किलोमीटर ओमानच्या हद्दीतून जातो. आपण मलीहाच्या बाजूने जायचं. आम्ही तर कलब्याहून वादी अल हेलोच्या रस्त्याने आलो. इथे मात्र चढउतार होते, वळणं होती. आप्पा पुढे नवऱ्याच्या शेजारी बसले होते. एका उतारावर नवऱ्याने ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडली. आप्पांचा उजवा पाय रिकाम्या जागेत दाबला गेलेला मला मागून दिसला. बोलले काहीच नाहीत. पुढच्या उतारावर हळूच म्हणाले, "खालच्या गियरवर घे. इंजिन धरतंय गाडीला." त्याने घेतला. एवढंच.

हत्त्याचं धरण पाहून आप्पा खूश झाले. हिरवं पाणी, कयाक, भोवती कोरडे सुळके. तिथे दुबईच्या वीज आणि पाणी प्राधिकरणाचा प्रकल्प आहे: जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॉट. आपल्या घाटघरचा प्रकल्प याच पद्धतीचा आणि तेवढ्याच क्षमतेचा आहे, हे मी सांगितलं. आप्पांना घाटघरचं कौतुक नव्हतं. "आमची कोयना एकोणीसशे साठ मेगावॉट," ते म्हणाले, जणू स्वतः बांधली. रोज कोयनानगरवरून गाडी नेणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असावा.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या रात्रीसाठी कंपनीने सुचवलेली जागा हत्त्याबाहेर डोंगराच्या कुशीत होती. गाडी लावायला सर्वांत छान, सपाट, वाळू-गोट्यांची जागा होती ती वादीच्या पात्रात. आधीच दोन गाड्या तिथे उभ्या होत्या. मी ठाम नाही म्हटलं. आकाश स्वच्छ होतं, मान्य. पण वादीत येणारं पाणी तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाचं नसतं, दहा-वीस किलोमीटरवरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं असतं. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपण कुणी विसरलेलो नाही. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त. वाहत्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहम दंड, २३ काळे पॉइंट आणि ६० दिवस गाडी जप्त, हा नियम उगाच केलेला नाही. तर आम्ही पात्र सोडून वरच्या काठावर गेलो. आणि काठ उतरता होता. फार नाही. डोळ्यांना जाणवणारही नाही इतका.

अंधार पडला, झुणका-भाकरी झाली. वरणभात घेऊन सगळे आत टेबलाभोवती बसले. नऊच्या सुमारास धाकट्याने दूध मागितलं. मी फ्रिज उघडला तर दूध कोमट.

फ्रिजमध्ये आईंचं इन्सुलिन होतं. एक-दोन पेनं नव्हेत, दोन महिन्यांचा सगळा साठा. मी घरीच ठेवा म्हणत होते. पण आईंनी तो गुपचूप पिशवीत घातला होता. "घर बंद, आणि मागे लाईट गेली तर?" कराडमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला शारजात लाईट जात नाही हे पटवणं शक्य नाही. चालू पेन बाहेर राहिलं तरी काही आठवडे चालतं, पण सीलबंद पेनं थंडच हवीत. ती इथे विकत घ्यायची तर डॉक्टर, चिठ्ठी आणि खर्च, सगळं आलं.

नवऱ्याने बटणं दाबली. गॅस चालू होता, ज्योत दिसत होती. कंपनीला फोन लागेना. तिथे रेंजच धड नव्हती. त्याचा आवाज चढायला लागला. माझ्यावर, मग आईंवर, "सगळं कशाला आणलंस?" आई रडवेल्या झाल्या. मुलं चूप.

आप्पा ताटाकडे बघत होते. म्हणाले, "वरण बघ."

ताटातलं वरण एका कडेला जाऊन साचलं होतं.

"गाडी तिरकी हाय. मघापासनं बघतोय. त्या फ्रिजला तिरकं चालत न्हाई का काय?"

मला तेव्हा त्या मुलाचं वाक्य आठवलं, आणि नवऱ्याने मोबाइलवरचं चित्रण लावलं. होतं त्यात. आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं. गॅसवर चालणाऱ्या या फ्रिजमध्ये आपल्या घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया आणि पाणी असतं; उष्णतेने अमोनियाची वाफ होते, ती थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि तो द्रव फक्त उताराने, गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून फिरतो. गाडी तिरकी असली की तो भलतीकडे साचतो आणि चक्र थांबतं. वरणासारखंच.

मग आप्पा उठले. मी त्यांना इतक्या झटक्याने उठताना त्या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. आधी इन्सुलिनची पिशवी ओल्या पंचात गुंडाळून बाहेरच्या आरशाला टांगायला लावली. वाऱ्यात, रात्रीच्या गारठ्यात. मग परात मागितली. जमिनीवर ठेवून तिच्यात बोटभर पाणी ओतलं आणि विजेरीने बघितलं, पाणी कुठल्या काठाला चढतंय. मागची डावी बाजू खाली होती. गाडीच्या पोटातल्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या उतरत्या पाचरी होत्या. त्याही त्यांनीच शोधल्या. एक पुरेना, तेव्हा सरपणाला आणलेल्या लाकडांतली चपटी फळी खाली घातली.

"बस तू," ते मुलाला म्हणाले. "मी मागं ऱ्हातो. एक थाप पडली की थांब. दोन पडल्या की चल."

डबल बेल. एस.टी.त कंडक्टर दोरी ओढतो तीच. नवरा स्टिअरिंगवर बसला. काळोखात मागून पत्र्यावर दोन थापा आल्या. गाडी इंचभर सरकली. एक थाप. थांबली. मी आत परातीपाशी बसून पाणी बघत होते आणि ओरडून सांगत होते. दोन थापा. एक थाप. पुन्हा मागे, फळी सरळ, पुन्हा दोन थापा. सहाव्या-सातव्या खेपेला पाणी परातीत सारखं पसरलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. आप्पांनी हँडब्रेक ओढायला सांगितला आणि पुढच्या चाकांना स्वतः दगड लावले. मग ते बाहेरच बसले. नवरा त्यांच्याजवळ गेला.

मोटरहोमच्या भिंती पातळ असतात. मी कान दिला नव्हता, ऐकू आलं. खूप वेळ काहीच नव्हतं. मग नवऱ्याने विचारलं, बहुधा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, की दिवाळीत सुट्टी कधीच मिळत नव्हती का.

"मिळायची," आप्पा म्हणाले. "दर साली न्हाई. पण दोन-तीनदा मिळत हुती."

"मग?"

"घेतली न्हाई."

बराच वेळ गेला.

"नरकचतुर्दशीला पहाटं घाट मोकळा असायचा. वरनं सारी गावं दिसायची खाली, दिवे लावल्याली. मला गाडी आवडायची, रं."

पैशासाठी जायचो, तुझ्या फीसाठी जायचो, असं काहीतरी ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. म्हटले असते तर सगळं सोपं झालं असतं. नवरा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. काही म्हणालाच नसेल. थोड्या वेळाने तो आत आला, दोन कप घेऊन गेला आणि किटलीतला उरलेला चहा दोघांनी बाहेर संपवला. या विषयावर तो माझ्याशी अजून बोललेला नाही आणि मीही विचारलेलं नाही. हा लेख छापायला देऊ का, हे मात्र विचारलं. "दे," म्हणाला. "वरणाचं नीट लिही."

फ्रिज पहाटेपर्यंत थंड झाला. पेनं तोवर आरशालाच लटकलेली होती. हात लावला तर बर्फासारखी गार. सकाळी रेंज मिळाल्यावर ओळखीच्या औषधविक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, एवढ्या थंडीत काही तास बाहेर राहिल्याने बिघडत नाही. आईंनी तरी पुढचे चार दिवस साखर दोनदा तपासली.

परतताना मलीहावरून आलो. अल फाया डोंगरापाशी थांबलो; लाखो वर्षांत माणूस इथे पुन्हा पुन्हा राहून गेला, त्याची दगडी हत्यारं या वाळूखाली सापडली आहेत. आम्ही गेलो तेव्हा हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत नव्हतं. २०२५ च्या जुलैमध्ये ते लागलं, आणि त्याच अधिवेशनात आपले शिवकालीन बारा किल्लेही लागले. बातमी वाचून मी पहिला फोन कराडला केला. आप्पांना प्रतापगड माहीत होता, "महाबळेश्वरच्या गाडीवर हुतो मी दोन वर्सं."

आता महाराष्ट्रातही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, २०२१ पासून. कुंभार्ली घाटात अशी गाडी चढताना बघायची माझी इच्छा आहे. बघू.

गाडी परत करताना आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, कॅसेट धुतली (ते काम कुणी केलं हे इथे लिहिणार नाही, पण "मी चालवतो" म्हणणाऱ्यानेच ते करायचं असतं), आत झाडलं. कंपनीच्या मुलाने सगळं तपासून अनामत पूर्ण परत केली. नवरा किल्ली देत होता. आप्पा गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारून आले, त्या मुलासमोर उभे राहिले आणि वही मागितली. त्याला कळेना. डेपोत ड्यूटी संपल्यावर ड्रायव्हरने गाडीतला बिघाड नोंदवायचा असतो, तो नोंदवल्याशिवाय हा माणूस घरी जाणार नव्हता. शेवटी त्या मुलाने एका पावतीची मागची बाजू पुढे केली. आप्पांनी चष्मा लावून मराठीत लिहिलं, "मागचा डावा ब्रेक किंचित धरतो. फ्रिज ठीक." खाली तारीख घातली आणि सही केली.